दारिद्र्याची मोजदाद

दिल्लीच्या मराठी इतिहासाचे स्मरण करताना महादजी शिंद्यांपासून चिंतामणराव देशमुखांपर्यंत अनेक नावे आदराने घेतली जातात. देशात गरीब कोण, हे शास्त्रीय पद्धतीने ठरवू पाहणाऱ्या महाराष्ट्रातील अभ्यासकांची नोंदही या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत असावी, असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणसास दररोज २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न किती खर्च करणाऱ्या कुटुंबात शिजते, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढले. १९६०-६१ च्या भावांनी ही मर्यादा दरडोई दरमहा खेड्यात १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये ठरली. तिच्याखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील जवळजवळ ५० टक्के लोक होते. शहरातील दारिद्र्य हे खेड्यातून ओसंडून आलेले दारिद्र्य होय, हा त्यांचा निष्कर्ष. बांधकामांच्या पायथ्याशी झोपड्या घालून राहणारे मजूर नित्य पाहणाऱ्या आम्हां दिल्लीकरांस त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पां. वा. सुखात्मे यांनी या हिशेबास हरकत घेतली. प्रत्येक देहाची गरज सारखी नसते, ती दिवसागणिक बदलतेही. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी मानता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भुकेवरील असा काटेकोर वाद कोणास रुक्ष वाटेल. परंतु माप चुकले, तर मदतही चुकीच्या दारी जाते.

पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ साली उष्मांकांचा आधार सोडला आणि शाळा व औषधपाणी यांवर कुटुंबाच्या खिशातून होणारा खर्चही हिशेबात धरला. त्यामुळे २००४-०५ सालचे गरिबांचे प्रमाण २७.५ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. खेड्यांत तर ते २८.३ वरून ४१.८ झाले. कालपर्यंत कागदावर नसलेले दहा कोटींहून अधिक लोक गणतीत आले. त्या काळी केंद्राकडून राज्यांना मिळणारे स्वस्त धान्य गरिबांच्या अंदाजित संख्येशी निगडित असल्यामुळे हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हता.

तेंडुलकर जून २०११ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी सप्टेंबरात नियोजन आयोगाने त्यांच्याच पद्धतीने काढलेली शहरी रेषा, दिवसाला ३२ रुपये, सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली आणि देशभर संताप उसळला. एवढ्या रुपयांत दिल्लीत कोण जगेल, हा प्रश्न रास्तच होता. परंतु ज्यांच्या गणिताने गरिबांची संख्या वाढविली, त्यांचेच नाव कृपणतेशी जोडले गेले, हा दैवदुर्विलास होय.

आकडा निर्दय नसतो. त्यात काय धरावे आणि काय वगळावे, हे माणसे ठरवितात. औषधाची पुडी हिशेबात आली, तेव्हा तो आकडा माणसाच्या अधिक जवळ आला. या अभ्यासकांचा हा वारसा राजधानीतील प्रत्येक मराठी पिढीने जपावा, एवढीच आमची अपेक्षा.