नारळी पौर्णिमा आणि सागरी कायदा

अंधेरीजवळचें वेसावें काय किंवा बोरिवलीच्या खाडीपलीकडील गोराई-मनोरी काय, येथील कोळी बांधवांना समुद्र केव्हां सोडावा हें कोणत्याहि सरकारनें शिकविलें नव्हतें. पाऊस लागला कीं होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पून मगच त्या पुन्हां लोटावयाच्या, हा त्यांचा कुळाचार. त्याच दिवसांत कित्येक जातींचे मासे अंडीं घालतात. म्हणजे या आचाराच्या पोटीं व्यवहारहि होता.

पुढें शिडाच्या जागीं यंत्र आलें, आणि वाऱ्याचा धाक ओसरला. मग रूढीला कायद्याचा आधार लागला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१, तो हाच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत कोणीं, केव्हां व कोणत्या जाळ्यानें मासे धरावे, हें ठरविण्याचा अधिकार राज्याला मिळाला. २०१६ सालीं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. २०२१ च्या दुरुस्तीनें दंड भारी केले.

मौज अशी कीं, पूर्वीं बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकीं जें आधीं येईल तोंवर असे. २०१५ सालीं ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरली. पौर्णिमा मात्र बहुधा ऑगस्टांत येते. तेव्हां जो आचार पाळून थांबेल, त्याच्या आधींच दुसऱ्याचें जाळें पाण्यांत पडावयाचें! रूढीच्या रक्षणासाठीं आलेल्या कायद्यानें रूढीहून अधिक घाई करूं नये, एवढेंच मागणें रास्त होय.