पटकी : जिवाणूचे नव्हे, विषाचे दुखणे

जिवाणू शरीरात शिरला की रोग जडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू आयुष्यभर निरुपद्रवीपणे नांदत असतात. रोग घडविण्यासाठी जिवाणूजवळ खास साधने असावी लागतात. पटकी अर्थात कॉलऱ्याचा जिवाणू हे त्याचे ठळक उदाहरण होय.

स्वल्पविरामाच्या आकाराचा 'व्हिब्रिओ कॉलरी' दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो. जठरातील आम्लात बहुतेक जिवाणू मरतात. वाचलेले जिवाणू शेपटीसारख्या तंतूच्या साह्याने पोहत लहान आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटतात. ते पेशींत घुसत नाहीत, सहसा रक्तातही उतरत नाहीत. बाहेर राहूनच विष सोडतात. या विषाचे पाच घटक पेशीला धरून ठेवतात आणि सहाव्याचा अंश आत शिरतो. तो पेशीतील क्षार बाहेर टाकणारी यंत्रणा सतत चालू ठेवतो. क्षारांमागोमाग पाणीही जाते आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. उपचार न मिळाल्यास रोगी काही तासांतही दगावतो, आणि तेही आतड्याला मोठी इजा झालेली नसताना! विशेष म्हणजे, या विषाचे जनुक जिवाणूला एका विषाणूकडून मिळते, हे १९९६ मध्ये उघड झाले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या जिवाणूचा अभ्यास केला व विषाचा तर्कही मांडला. तो सिद्ध व्हायला १९५९ साल उजाडले. कोलकात्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साचते, हे दाखवून दिले. एवढ्या मोलाच्या संशोधकाची देशाने हयातीत फारशी दखल घेतली नाही, ही खेदाचीच बाब.

ग्लुकोज व मीठ एकत्र शोषून घेण्याची पेशीची वाट मात्र या विषाला बंद करता येत नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना ग्लुकोज, मीठ व खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. प्रतिजैविकांनी जुलाबाचे दिवस कमी होतात. जीव वाचतो तो मुख्यतः वेळेवर मिळालेल्या मीठ-साखरेच्या पाण्याने, आणि रोगी अत्यवस्थ असेल तर शिरेतून दिलेल्या सलाइनने.