घरातली भानगड

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही. एक रिलीज, मग दुसरी, मग तिसरीतले बग... असो. मागच्या जोडून आलेल्या सुट्टीत मात्र हेदवीला जाऊन आलो. हेदवी म्हटलं की लोकांना दशभुजा गणपती आठवतो, नाहीतर बामणघळ (भरतीच्या लाटा कातळाच्या फटीत शिरून उंच उसळतात ती जागा). मला मात्र आणखी एक गोष्ट आठवते.

आमच्या आजोळच्या गडग्यापलीकडे एक घर होतं. मे महिन्याच्या सुट्टीत रात्री जेवणं झाली की कधीकधी तिकडून आवाज यायचे. आधी भांड्यांचे, मग बाईच्या रडण्याचे. आजी उठून खिडकी लावून घ्यायची. भर उकाड्यात! "आजी, काय झालं?" "काही नाही रे, झोप. त्यांच्या घरातली भानगड." सकाळी त्या काकू विहिरीवर यायच्या आणि सगळ्या बायका त्यांच्याशी आंब्या-फणसाच्या गप्पा मारायच्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं. आणि ते माहीत आहे हे काकूंनाही माहीत होतं.

या वेळी ते घर बंद दिसलं. दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घातली, दाभोळला उतरलो आणि मुरूडला गेलो. मुरूड म्हणजे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. समुद्र बघायला गेलो होतो, पण डोक्यात कर्वेच राहिले. कारण सांगतो.

१८९३ साली कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, देवरुखच्या. लहानपणीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे शिकायला गेलेल्या अगदी पहिल्या विधवांपैकी त्या एक. या लग्नाची बातमी मुरूडला पोचली आणि गावाने सभा भरवून बहिष्कार पुकारला. त्याची झळ कर्व्यांच्या घरच्यांनाही बसली.

आता जरा विचार करा. दोन सज्ञान माणसांनी, तेही तिकडे पुण्यात, लग्न केलं. याहून खाजगी बाब कुठली? पण मुरूडमध्ये कोणी म्हणालं नाही, की "जाऊ द्या, त्यांच्या घरातली भानगड आहे". गावाला दुसऱ्याच्या घरात लक्ष घालता येत नाही असं नाहीच मुळी. कोणी कोणाशी लग्न करायचं, विधवेने काय नेसायचं, कोण कोणाच्या पंक्तीला बसायचं, सगळ्यात गाव लक्ष घालत होतं. फक्त नवरा बायकोला मारतो म्हटलं की तेवढी 'घरातली भानगड'. म्हणजे हा शब्द दाराला लावलेली कडी आहे, आणि ती कधी लावायची हे गाव ठरवतं.

गंमत म्हणजे, ज्यांना गावाने बाहेर काढलं त्यांनीच बाहेर एक दार बांधलं. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला. पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला आणि तिथे मोठी संस्था उभी राहिली. त्याआधी फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. आणि कोकणातच राहिलेल्या एक बाई म्हणजे इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी. त्यांनी १९५४ साली देवरुखला मातृमंदिर सुरू केलं, एका लहानशा प्रसूतिगृहापासून. या सगळ्यांसमोर प्रश्न एकच होता : बाई घराबाहेर पडली तर जाणार कुठे?

पण घरातच असलेल्या बाईचं काय? हा प्रश्न ऐरणीवर यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. पतीला सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुरावा कसा तपासावा यासाठी तो निकाल आजही वाचला जातो. मला मात्र त्यातली वेगळीच गोष्ट छळते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टापुढे होती. सासरी मन रमत नाही, त्रास होतोय, हे तिने लिहून कळवलं होतं. निकाल काहीही लागो, ती बोलली होती.

पुण्यातल्या बायकांनी नेमकं हेच धरलं. विद्या बाळ तेव्हा 'स्त्री' मासिकाच्या संपादक होत्या. त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन महाराष्ट्रभर फिरवलं. पुढे 'बोलते व्हा' नावाचं केंद्र चालवलं. नाव बघा, 'तक्रार करा' नाही, 'बोलते व्हा'!

बाकीच्या तारखा भराभर सांगतो. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ आलं (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं). १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या बाईला वर्दीच्या आधी एक समाजसेविका भेटावी. २०००-०१ च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' आलं. कारण पोलिसांकडे न जाणारी बाई 'पडले' असं सांगून डॉक्टरकडे तरी जातेच. आणि १९९३ साली मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. बायकोला मारू नये असं वाटणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं, असं आवाहन त्याआधी पेपरात आलं होतं.

मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. माझ्या मते यात दोन गोष्टी फार मोठ्या आहेत. एक, बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क मिळाला. 'जाणार कुठे' या शंभर वर्षांच्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळालं, की तिनेच का जावं? दोन, संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं. शेजारीसुद्धा. चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर दावा लागत नाही. म्हणजे खिडकी लावून घेणाऱ्या आजीला कायद्याने एक दार उघडून दिलं होतं. तिला ते कळलंच नाही.

कायदा झाला म्हणून सगळं झालं असं मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) छळ सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन पकडायचं आणि कॅच ब्लॉक रिकामा ठेवायचा. प्रोग्राम चालतोय, लॉग स्वच्छ, सगळे खूश. हेदवीहून तालुक्याचं गाव गुहागर वीसेक किलोमीटर. तेवढ्यासाठी एसटी पकडून जायचं तर आधी घरी कारण सांगावं लागतं. आणि गावातच मिटवायचं म्हटलं तर बहुतेक वेळा 'मिटवणं' म्हणजे तिने परत नांदायला जाणं.

तरीही गावाबद्दल माझी आशा संपलेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे बंद करण्याचा ठराव केला. मुरूडमध्ये १८९३ ला भरली तशीच ही गावाची सभा. फक्त कडी उलट्या बाजूला सरकवलेली.

आता कबुली. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावरून तसेच आवाज येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी हेडफोन लावला. आजीची खिडकी, दुसरं काय! २००८ साली टीव्हीवर 'बेल बजाओ'च्या जाहिराती लागायच्या, मारहाणीचे आवाज ऐकून शेजारी बेल वाजवतो त्या. तेव्हा मला त्या फार आवडायच्या :) हेदवीहून परतल्यावर पुन्हा आवाज आले, तेव्हा वर गेलो आणि बेल वाजवली. पाय लटपटत होते. त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "लाईट गेलेत का तुमच्याकडे?" (लाईट ढळढळीत चालू होते.) तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "बरं." एवढंच. त्या रात्री आवाज थांबले.

यात पराक्रम काही नाही, आणि नुसत्या बेलने काही सुटतही नाही. दोन दिवसांनी त्या ताई लिफ्टमध्ये भेटल्या, तेव्हा माझ्या बायकोने त्यांना स्वतःचा नंबर दिला आणि १८१ ही महिला हेल्पलाईन असते एवढं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंबर सेव्ह केला. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील. आपण फक्त ऐकू येतंय एवढं कळवायचं.

आजीला हे सांगायला हवं होतं. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.

असो. उद्या सोमवार, सकाळी स्टँडअप आहे.