समुद्रकाठी वऱ्हाडची लेक

श्रीक्षेत्र कौंडण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती) हे वर्धा नदीकाठचे गाव रुक्मिणीमातेचे माहेर मानले जाते. मातेचे हरण अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातून झाले की कौंडण्यपूरच्या अंबिकेच्या, याबाबत दोन्हीकडचे भाविक आपली बाजू सोडीत नाहीत. सासर मात्र निर्विवाद, समुद्रकाठची द्वारका.

तेथे गेलेला वऱ्हाडी यात्रेकरू चकित होतो. मातेचे मंदिर द्वारकाधीशाजवळ नसून गावाबाहेर सुमारे २ किलोमीटरवर एकटे उभे आहे. सदर वास्तू १२ व्या शतकातील मानतात. आख्यायिका अशी की, देव व माता दुर्वास ऋषींना रथात बसवून स्वतः रथ ओढीत होते. वाटेत मातेस तहान लागली. देवांनी पायाच्या अंगठ्याने भूमी दाबताच गंगा प्रकटली. मातेने अतिथीस न विचारता पाणी प्राशन केले. ऋषी कोपले. पती-पत्नीस १२ वर्षांचा वियोग व त्या भूमीस खारे पाणी, असा शाप झाला. घोटभर पाण्यासाठी एवढा शाप कठोरच म्हणावा लागेल.

म्हणून या मंदिरात जलदानाची परंपरा आहे. भाविक यथाशक्ती देणगी देऊन गोड्या पाण्याचे पुण्य जोडतात. आपल्या खारपाणपट्ट्यातील मायमाउल्यांना या दानाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. दर्यापूर, मूर्तिजापूरकडे समुद्र नाही, पण विहिरीचे पाणी खारट. नळयोजना येईपर्यंत गोड्या पाण्याच्या घागरीसाठी त्यांनी किती पायपीट केली!

पंढरपुरीही मातेचे मंदिर विठोबाहून वेगळेच आहे. आषाढीस कौंडण्यपूरहून मातेची पालखी तेथे जाते.