एल्डनची खिडकी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एल्डन नावाचे एक छोटे गाव आहे. तिथले एक पांढरे लाकडी घर जगाने पाहिले ते चित्रात. ग्रँट वुडच्या ‘अमेरिकन गॉथिक’मध्ये काटा धरलेला शेतकरी आणि शेजारची बाई यांच्या मागे जी टोकदार खिडकी दिसते, ती या घराची.

घर चित्राहून जवळजवळ पन्नास वर्षांनी जुने. चार्ल्स आणि कॅथरीन डिबल यांनी ते 1881-82 मध्ये बांधले. क्षेत्रफळ 504 चौरस फूट. आपल्याकडचा वन-बीएचके म्हणा. भिंतींना उभ्या फळ्या, सांध्यांवर पट्ट्या ठोकलेल्या. आणि माळ्यावर, पुढे नि मागे, चर्चला शोभावी अशी एकेक खिडकी.

ती आली कुठून? टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवली, असे सर्रास सांगतात. गोष्ट झकास आहे, पण सनावळीत बसत नाही. रिचर्ड सिअर्स घड्याळे विकायला लागला तोच 1886 मध्ये. सिअर्स-रोबक हे नाव 1890 च्या दशकातले. टपालाने मागवलीच असेल, तर 1872 पासून कॅटलॉग काढणारे माँटगोमेरी वॉर्ड चालू शकेल. पण ‘चालू शकेल’ आणि ‘मागवली’ यांच्यामध्ये एक पावती लागते.

1897 च्या सुमारास कर थकला आणि घर डिबलांच्या हातून गेले.

वुड एल्डनला आला 1930 च्या ऑगस्टमध्ये. पहिले रेखाटन पाकिटाच्या पाठीवर केले. मग तिथे राहणाऱ्या जोन्स कुटुंबाची परवानगी काढून अंगणातच तैलरंगात कच्चे चित्र केले. किरकोळ लाकडी घराला गॉथिक खिडकी हा त्याला उसना डामडौल वाटला होता. तरी चित्रात त्याने ती आणखी उंच केली! त्यामुळे घराची मापे काढायला हे चित्र पुरावा म्हणून धरता येत नाही. माणसांचेही तसेच. बाई म्हणजे वुडची बहीण नॅन, पुरुष त्याचा दंतवैद्य बायरन मॅकीबी. दोघे या घरापुढे उभे राहिले नव्हते, एकमेकांशेजारीही नाही.

1974 मध्ये घर ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदपुस्तकात दाखल झाले. तिथे त्याचे नाव लागले ‘डिबल हाउस’.