उत्तर करेलिया : हृदयासाठी ठेवलेल्या नोंदी आणि मेंदूचा हिशेब

फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर करेलिया हा जंगलांचा आणि तळ्यांचा प्रांत आहे. योएन्सू हे त्याचे मुख्य शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाईवरून परतलेल्या सैनिकांना आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या मुलखातील विस्थापितांना येथे जमिनीचे लहान तुकडे मिळाले. त्यांनी जंगल तोडून शेते केली, गाई पाळल्या आणि लाकूडतोडीची मजुरी केली. ओढगस्तीत वाढलेल्या या घरांत आता दूधदुभते आले. पावावर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, चरबीदार डुकराचे मांस आणि मिठाचा सढळ वापर हे रोजचे जेवण झाले. हिरवा पाला गुरांनी खायचा, अशीच समजूत होती. सिगारेटची सवय अनेकांनी युद्धातूनच आणली होती.

१९५९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या ‘सात देशांच्या अभ्यासा’त याच प्रांतातील इलोमान्त्सी भागातले पुरुष तपासले गेले. पुढे त्या अभ्यासात हृदयविकाराचे सर्वाधिक प्रमाण पूर्व फिनलंडमध्येच आढळले. अंगमेहनत करणारे धडधाकट पुरुष चाळिशी-पन्नाशीत दगावत होते. अखेर जानेवारी १९७१ मध्ये प्रांताच्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदतीसाठी निवेदन दिले. त्यातून १९७२ मध्ये ‘उत्तर करेलिया प्रकल्प’ उभा राहिला. त्याचे प्रमुख डॉ. पेक्का पुस्का तेव्हा अजून तिशीच्या आतले होते.

रोगाचे मूळ साऱ्या प्रांताच्या राहणीत असल्याने एकेका रोग्यावर उपचार करून भागणार नव्हते. म्हणून प्रकल्पाने गावागावांत स्वयंसेवक नेमले. ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेने मेळावे भरवून भाज्या घातलेले, कमी चरबीचे पदार्थ रांधून दाखवले. खाटकांना आणि बेकरीवाल्यांना चरबी व मीठ कमी करण्यास राजी केले गेले. दुग्धव्यवसायाचा विरोध स्वाभाविक होता, कारण प्रांताचे पोट दुधावर चालत होते. त्यावर उतारा म्हणून शेतकऱ्यांना बेरीची लागवड शिकवण्यात आली. मोहरीच्या कुळातील एका तेलबीचे तेल लोण्याची जागा घेऊ लागले. कॉफी उकळून न गाळता पिण्याची पद्धत मागे पडून गाळलेली कॉफी रुळली. न गाळलेल्या कॉफीतील तेलकट अंशाने कोलेस्टेरॉल वाढते, त्यामुळे हा बदलही उपयोगी ठरला. १९७२ नंतरच्या साडेतीन दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

या कामाचा एक भाग म्हणजे दर पाच वर्षांनी होणारी पाहणी. १९७२, १९७७, १९८२ आणि १९८७ मध्ये उत्तर करेलियातील व शेजारच्या कुओपिओ प्रांतातील हजारो लोकांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, धूम्रपान आणि व्यायाम नोंदवला गेला. या नोंदी हृदयासाठी होत्या. पण ही मंडळी म्हातारी झाली, तेव्हा त्यांचा वेगळाच उपयोग संशोधकांच्या ध्यानात आला. ‘साठी बुद्धी नाठी’ ही समजूत मराठी मुलखापुरती नव्हती; स्मृतिभ्रंश हा वयाचाच भाग, असे जगभर मानले जाई. तो तरुण आणि मध्यम वयातील राहणीशी जोडलेला आहे का, हे पाहायचे तर त्या वयातल्या मोजमापांची गरज होती. रोग्याची आठवणच गेलेली असल्याने जुन्या सवयी त्याला विचारून कळणे अवघड. करेलियात त्या कागदावर होत्या.

१९९८ मध्ये जुन्या पाहण्यांतील ६५ ते ७९ वयाच्या १,४४९ जणांची पुन्हा तपासणी झाली. त्यावर आधारित ‘केड’ या अभ्यासाचे निष्कर्ष संशोधक मिया किविपेल्टो आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून मांडले. मध्यम वयात वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक असलेल्यांत, तसेच कोलेस्टेरॉल फार वाढलेल्यांत, सरासरी २१ वर्षांनी अल्झायमर आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट होती. मध्यम वयात आठवड्यातून किमान दोनदा घाम येईल असा व्यायाम करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. यामागचे एक कारण समजण्याजोगे आहे. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतील बारीक धमन्या जाड व ताठर होतात, काही बंद पडतात, आणि नकळत लहान लहान भाग रक्तावाचून मरतात. २००६ मध्ये वय, शिक्षण, लिंग, रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल आणि व्यायाम यांवरून पुढील वीस वर्षांतील धोका आजमावणारे गुणांकनही याच अभ्यासातून तयार झाले.

तरी एवढ्याने सवय हेच कारण, असे सिद्ध होत नव्हते. शिकलेली, सुस्थितीतली माणसे व्यायामही जास्त करतात आणि इतर कारणांनीही निरोगी असू शकतात. म्हणून ‘फिंगर’ हा प्रयोग हाती घेतला गेला. धोका अधिक असलेल्या, ६० ते ७७ वयाच्या १,२६० फिनलंडवासीयांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षे आहाराचे मार्गदर्शन, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादी गोष्टींवर देखरेख मिळाली; दुसऱ्याला नेहमीचा आरोग्यसल्ला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार चाचण्यांतील गुण दोन्ही गटांत सुधारले, पण पहिल्या गटातील सुधारणा २५ टक्क्यांनी अधिक होती. मोजले गेले ते चाचण्यांतील गुण. स्मृतिभ्रंश टळला की नाही, हे दोन वर्षांत ठरण्यासारखे नव्हते. पुढे हाच आराखडा आपापल्या अन्नाला आणि राहणीला जुळवून इतर देशांनी वापरला. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले आणि ते सारे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. करेलियाच्या पाहण्यांत पहिल्यापासून मोजले गेलेले रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हे तिन्ही त्या यादीत आहेत.