बोर्डिंगचं स्वयंपाकघर



दहावीचा निकाल लागला की सांगली-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मुलीला मुंबईत अकरावीला घालायचंय. कॉलेज मिळेल हो, पण राहायचं कुठे? आणि त्याच दमात, जेवणाचं काय? हा दुसरा प्रश्न सव्वाशे वर्षांचा जुना आहे. मुंबईतली जैन बोर्डिंगं उभी राहिली, त्यामागे तो होताच.

तेव्हा अकरावी-बारावी नव्हती, ती 1975 नंतरची. मॅट्रिक झालेला मुलगा इंटरसाठी मुंबईत यायचा. चौपाटीवर विल्सन कॉलेजची इमारत 1889 पासून उभी होती. गिरगावात खाणावळीही होत्या, पण तिथे कांदा-बटाटा टाळणार कोण? आणि रात्रीचं पान वाढेपर्यंत सूर्य केव्हाच मावळलेला. डिसेंबरात मुंबईत सहालाच अंधारून येतं. म्हणजे मुलाने एक तर धर्म सोडायचा, नाही तर अर्धपोटी अभ्यास करायचा. घरचे मग तिसराच मार्ग काढत, त्याला दुकानावर बसवत.

सुरतेहून आलेले मोत्यांचे व्यापारी शेठ माणिकचंद हिराचंद, जे. पी., यांना ही अडचण नेमकी कळली. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा त्यांचीच. 1900 च्या सुमारास त्यांनी ताडदेवला वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढलं. दिगंबर मुलांना राहायला खोली आणि आपल्या पद्धतीचं जेवण. पुढे 1915 मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने श्वेतांबरांचं महावीर जैन विद्यालय सुरू झालं, तेही तिथून जवळच, गोवालिया टँकला. नाव विद्यालय असलं तरी ते वसतिगृहच. मुलाने शिकायला कॉलेजात जायचं आणि जेवायला वेळेत परत यायचं. पाणी गाळून, सूर्यास्ताआधी ताट वाढून देणारं स्वयंपाकघर मिळालं आणि कितीतरी मुलं शिकली.

आणि मुली? इथे मला जरा थांबावंसं वाटतं. मुलींच्या बाबतीत जेवण ही अडचण नव्हतीच. त्यांना स्वयंपाक येत होता, पाणी गाळणं येत होतं, कंदमूळ कोणतं हे मुलांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. तरी त्यांच्यासाठी कुणी बोर्डिंग बांधलं नाही. जेवणाची सबब फक्त मुलग्यांना लागू होती.

मुलींचं दार उघडलं ते दुःखातून. माणिकचंदांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. तिने ललिताबाईंना सोबत घेऊन श्राविकाश्रम काढला. तो आधी अहमदाबादला होता, मग मुंबईत ताडदेवच्या जुबिली बागेत आला. पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन काढलं ते 1889 मध्ये, अण्णासाहेब कर्व्यांचा पुण्यातला विधवांचा आश्रम 1896 चा. आपल्या समाजाला त्यानंतरही दहा-बारा वर्षं लागली. तिथे प्रामुख्याने विधवा आणि टाकलेल्या बायका येत. अविवाहित मुलीला शिकायला बाहेरगावी ठेवणं अजून कुणाच्या मनात बसत नव्हतं. नवरा गेल्यावरच बाईला पाटी-पुस्तक मिळावं, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

पण त्या बायका नुसत्या शास्त्र वाचून बसल्या नाहीत. सोलापूरच्या 'जैन बोधक'वाल्या हिराचंद नेमचंदांची मुलगी कंकुबाई, तीही विधवाच, मगनबाईंच्या कामात उतरली आणि तिने आपल्या मराठी बायकांसाठी लिहिलं. माणिकचंद 1914 मध्ये गेले, मगनबाई 1930 मध्ये. तोवर बायका आश्रमात शिकून स्वतःच बाई होऊन गावोगावच्या मुलींना शिकवू लागल्या होत्या, आणि त्या मुली विधवा नव्हत्या.